बिनआवाजाची टमटम

आमच्या गावात टमटमची वाट रस्त्यावर उभं राहून कुणीच बघत न्हाई. घरात बसून, कानानं बघतेत. एस्टी गावात येत न्हाई, फाट्यावरूनच निघून जाती. त्यामुळं ताडकळसला जायचं म्हणलं की तीनचाकी टमटम, आन् टमटम म्हणलं की आमचे दादा. दादा म्हणजे माझे वडील. आमच्या घरात बापाला दादाच म्हणतेत. टमटमला टाइम नसतो. दादानं सकाळी दांडा ओढला, इंजिन जागं झालं, की निघाली. पण गावातल्या बायांचं गणित पक्कं व्हतं. आवाज मारुतीच्या देवळापाशी आला म्हणजे अजून वेणी घालायला टाइम हाय. शाळेपाशी आला म्हणजे आता चुलीतलं लाकूड मागं ओढायचं. आन् आवाज आपल्या गल्लीत वळला म्हणजे चप्पल, पिशवी, कुलूप आन् भायेर.

त्या आवाजाला दुसरा जोड न्हवता. सायलेन्सर ढिला झालेला, दादानं तारेनं बांधलेला. सुरू होताना आधी एकदा खाकरायची, मंग टड्-टड्-टड्. चढावर आली की धाप लागलेल्या म्हातारीवाणी बोबडं बोलायची. आन् गिअर बदलताना मधीच एक उचकी द्यायची. डिझेलची इंजिनं समदी सारखीच वरडतेत, पण उचकी फकत आमच्याच टमटमला.

ही उचकी मला शाळेतच जमली. आवाज काढायचा नाद मला लहानपणापासून. गुरुजी, तलाठी, शेळी, मिक्सर, कीर्तनाच्या आधी माइकवर फुंकर मारून "हॅलो हॅलो" करणारा माणूस, जे कानात गेलं ते तोंडातून निघायचं. एकदा शेवटच्या तासाला शेवटच्या बाकावरून मी टमटम काढली, लांबून जवळ येणारी. गुरुजी फळ्यावर गणित सोडवायलते. त्यांना बी ताडकळसला जायचं असायचं. त्यांनी खडू ठेवला, पिशवी उचलली, "राहिलेलं घरून करून आणा" म्हणले आन् भायेर पळाले. मैदानात जाऊन उभे ऱ्हायले बिचारे, रस्त्याकडं बघत. वर्गाला लवकर सुट्टी मिळाली. मला काय मिळालं ते सांगत न्हाई, पाठीला ठाऊक हाय.

दादाला मात्र हे नकला-बिकला कव्हाच आवडलं न्हाई. दादा गप माणूस. ताडकळसच्या स्टँडवर बाकीचे डायव्हर "पूर्णा पूर्णा पूर्णा, बसा बसा, निघालीच" म्हणून गळा फाडतेत, माणसाच्या हाताला धरून गाडीकडं ओढतेत. दादा आपले गाडीला टेकून उभे. मी एकदा म्हणलं, "दादा, तुमी बी वरडा की." तर म्हणले, "मी कामून वरडू? गाडी वरडती की." आन् गावात हॉर्न तर बिलकुल न्हाई. कुणाच्या दारापुढं हॉर्न मारणं म्हणजे घरच्या बाईला नोकर समजल्यावाणी, असं त्यांचं म्हणणं. "हॉर्न जनावराला मारायचा," म्हणायचे. "माणसाला न्हाई."

तर ही वरडणारी गाडी गेली आन् बिनआवाजाची आली, ती माझ्यामुळं.

आयटीआय करून मी परभणीला बॅटरीच्या शेडमधी कामाला लागलो. शेड म्हणजे नुसतं पत्र्याचं, मोठा कारखाना-बिरखाना न्हाई. बोटाएवढे सेल भायेरून खोक्यात येतेत. आमी पोरांनी ते तपासायचे, सारख्या ताकदीचे एका रांगेत लावायचे, वरून धातूची पट्टी चिकटवायची, त्याच्यावर डोकं म्हणून एक सर्किट बसवायचं, आन् समदं लोखंडी पेटीत बंद करायचं. झाली टमटमची बॅटरी. पेटीवर स्टिकर लावायचं, 'परभणीत बनलेली'. स्टिकर लावायचं काम मी मागून घेतलं व्हतं. वाकडं लागलं तर नखानं काढून परत लावायचो.

गावात सांगितलं तर पारावरचे लोक म्हणले, "म्हणजे टॉर्चमधले सेल का रं?"

मी म्हणलं, "तसलेच, पण लय."

"आन् त्याच्यावर टमटम चालती?"

"चालती."

"मंग ढकलायला माणूस बी कंपनीच देत आसंल."

समदे हसले. मी बी हसलो. मनात म्हणलं, बघा आता.

दादाच्या टमटमचं इंजिन तव्हा पार थकलं व्हतं. मीच मागं लागलो. डिझेल न्हाई, ऑइल न्हाई, धूर न्हाई, घरीच चार्जिंगला लावायची. आमचे मालक बी म्हणले, आपली पेटी बसवलेली गाडी ताडकळसच्या रोडवर फिरली तर बाकीचे डायव्हर बघतेत, इचारतेत, घेतेत. दादानं समदं ऐकलं आन् एकच इचारलं, "त्यातली बॅटरी तू बनवणार का?" मी हो म्हणलं. "मंग घेऊ." दादानं मला जिंदगीत कव्हा शाबासकी दिली असंल तर ती हीच.

गाडी आली. मायनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. दादानं चावी फिरवली. समदे गप उभे. कुणीतरी म्हणलं, "करा की चालू."

दादा म्हणले, "चालूच हाय."

"मंग आवाज कुठंय?"

तेवढ्यात गाडी निघाली आन् लिंबावरून गेली. पच् करून आवाज आला, तो बी लिंबाचा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, मांजरावाणी चालती की ही!" मला लय भारी वाटलं. छाती फुगवून उभा व्हतो, जसं काय तिच्यातला आवाज मीच हातानं काढून घेतलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा निघाले. मारुती गेला, शाळा गेली, गल्ल्या गेल्या, फाटा आला. गाडीत कुणीच न्हाई. बाया घरात वेण्या घालत बसलेल्या, कान दाराकडं. त्यांच्या दारावरून टमटम गेली आन् त्यांना पत्ता न्हाई. दादा फाट्यावर जरा थांबले आन् ताडकळसला रिकामेच गेले. मागून शेजारच्या गावचा एक डिझेलवाला पोरगा आला धडधड करत. आवाज आल्याबरोबर दारं उघडली, बाया भायेर आल्या, बसल्या बी. दुपारी ताडकळसला दादा दिसले तर त्यांनाच इचारायल्या, "भाऊ, आज गाडी काढली न्हाई का?"

हे रोजच व्हायलं. डिझेलवाल्याला चव लागली. तो मुद्दाम आमच्या गावातून फिरून जायला लागला, गल्लीत उगं रेस मारत. लोकांना सांगून बघितलं, की बाबांनो जरा भायेर नजर ठेवा. "व्हय व्हय," म्हणले. पण जन्मभर कानानं वाट बघितलेली माणसं, दोन दिवस दारात उभी ऱ्हायली, तिसऱ्या दिवशी परत आत. कामं असतेत लोकांना.

माय म्हणाली, दादा आता ताडकळसच्या स्टँडवर गाडी नंबरात लावत न्हाईत, बाजूला झाडाखाली लावतेत. रिकामी गाडी रांगेत कशाला, म्हणतेत. हे ऐकून मला पहिल्यांदा भ्या वाटलं. आमच्याकडं डायव्हरचा ठरलेला रस्ता असतो, त्याला लाइन म्हणतेत. ती कागदावर कुठंच नसती. गाव ज्याच्या गाडीत बसतं त्याची लाइन. एकदा गाव दुसऱ्याच्या गाडीत बसायला लागलं की ती गेली, मंग तुमी कितीबी चांगली बॅटरी बसवा. दादाची लाइन जायलती, आन् ती माझ्या पेटीमुळं जायलती.

हॉर्न मारा म्हणलं. "न्हाई." मंग निदान हाक तरी मारा म्हणलं. दादानं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून भायेर गेलो.

मंग मी स्पीकर आणला. फोनमधी माझ्याच तोंडची जुनी टमटम भरली, उचकीसकट, आन् गाडीला स्पीकर बांधून लावून दिली. गल्लीत गेलो तर दारं उघडली खरी. एक बाई फुटकी बादली घेऊन आली, दुसरी गंजलेला पत्र्याचा डबा. स्पीकर वाजला म्हणजे भंगारवाला, हे आमच्या गावात लेकराला बी ठाऊक.

"काय भाव घेता हो किलोला?" बादलीवालीनं इचारलं, आन् मंग दादाला वळखून जीभ चावली.

दादानं स्पीकर सोडला आन् माझ्या हातात दिला.

मी कामावर जायला रोज त्यांच्याच गाडीत बसायचो. ताडकळसपर्यंत दादासंगं, तिथून परभणीची एस्टी. अशाच एका सकाळी मागच्या दांडीला लटकून उभा व्हतो. मारुतीपाशी कुणीच न्हाई. मला गंमत सुचली. तोंडापुढं हाताची ओंजळ धरली आन् सोडली. आधी खाकरणं, मंग टड्-टड्-टड्. शाळेच्या चढाला बोबडं बोललो. गल्लीच्या वळणावर उचकी दिली. आन् काय सांगू, दारं एकामागून एक उघडायली! बाया पिशव्या घेऊन भायेर, कुलपं लावत, "थांबा भाऊ, थांबा, आलेच!" गाडी भरून गेली. बसता बसता एकीनं इचारलं, "जुनीच गाडी आणली का परत?" मंग तिला मी दिसलो, गाल फुगलेला. हसून हसून ती शेजारणीच्या अंगावर पडली.

मी बी लय हसलो. दादा हसले न्हाईत. ताडकळसला उतरल्यावर मला म्हणले, "उद्या बी ये."

"रोजच येतो की, दादा."

"तसं न्हाई," दादा म्हणले, आन् माझ्याकडं न बघता आरसा पुसायला लागले.

तिथून माझी लाज सुरू झाली.

गंमत म्हणून एकदा काढलेला आवाज येगळा आन् रोज काम म्हणून काढायचा येगळा. अंगात शेडचा शर्ट, खिशावर बॅटरीचं चित्र, भांग पाडलेला, आन् गल्लीगल्लीतून तोंडानं डिझेल टमटम. पोरं मागं पळायची, "ओ मामा, बुलेट काढा! ओ मामा, जेसीबी!" माय सकाळी सुंठ-गुळाचा खडा हातावर ठेवायची आन् म्हणायची, "घे तुझं डिझेल." सर्दी झाली तर बाया म्हणायच्या, "आज गाडी मिसिंग मारायली." एकजण तर म्हणाली, "लगीन झाल्यावर बायकोला बी असंच उठवणार का रं सकाळी?" पूर्णेला कॉलेजात जाणारी एक पोरगी समोरच्या सीटवर बसायची. भांग खरं तर तिच्यासाठीच पाडलेला असायचा. ती आता बसायच्या आधीच ओढणीचं टोक तोंडात कोंबायची. एकदा ऐन उचकीत आमची नजरानजर झाली. त्या दिवसापासून मी उचकी मान फिरवून द्यायला लागलो.

पण गाडी भरायची. दादा परत नंबरात गाडी लावायला लागले. म्हणून मी रोज करायचो.

आन् दिवसभर शेडमधी काय? बिनआवाजाच्या गाड्यांच्या बॅटऱ्या. कुणी नवीन गिऱ्हाईक आलं की मालक चहा पाजत सांगायचे, "आवाज न्हाई, हीच आपली जाहिरात. ह्या पोराच्या वडलांचीच गाडी बघा. सकाळी गावातून जाती, कुणाची झोप मोडत न्हाई. काय रं?" मी "व्हय सायेब" म्हणायचो आन् पट्टीवर वाकायचो. शेडमधी मी समद्यांचे आवाज काढायचो, मालकाचा तर मालकासमोर. टमटमचा तेवढा एकदा बी काढला न्हाई.

आन् मंग मालक म्हणले, "नांदेडची दोन माणसं यायलीत. त्यांच्या तिकडं लय टमटम हायत, आपली पेटी बसवायची का ते ठरवायलेत. त्यांना रोज धंद्यात चालणारी गाडी बघायचीय. बाजाराच्या दिवशी तुझ्याच गावाला आणतो, सकाळच्या पहिल्या फेरीला. गर्दी बी दिसंल."

मी हातातली पट्टी उलटी चिकटवली.

घरी जेवताना दादाला म्हणलं, "दादा, बाजाराच्या दिवशी आमचे मालक यायलेत. गाडीत बसणारेत."

"येऊ दे की."

"नांदेडचे लोक बी हायत संगं. त्या दिवशी मी आवाज काढणार न्हाई."

दादानं भाकरीचा तुकडा मोडला. "बाजार हाय त्या दिवशी."

"एकच फेरी, दादा. ते आवाज नसलेली गाडी बघायला यायलेत. त्यांच्यापुढं मी तोंडानं धडधड करू का? माझी काय इज्जत ऱ्हाईल शेडमधी?"

माय चुलीपासून म्हणाली, "आन् गाडी रिकामी गेली तर ह्यांची?"

"तू गप," दादा तिला म्हणले. मंग तुकडा कालवणात बुडवला. मला म्हणले, "बरं."

मी म्हणलं, सुटलो.

बाजाराच्या दिवशी मालक कार घेऊन आले. नांदेडच्या दोघांतला एक चष्मेवाला, कमी बोलणारा. दुसरा फोन हातात घेऊनच जन्मल्यावाणी, चिंचेच्या झाडाचा बी फोटो काढायलता. कार आमच्या दारात ठेवली आन् तिघं टमटममधी बसले. मी मागं दांडीला. चष्मेवाल्यानं सीटखालच्या पेटीवर बोटानं ठोकून बघितलं. "हे तुमी पोरांनी बनवलं?"

"हो सायेब. परभणीतच."

"छान हाय काम," तो म्हणला. दादानं आरशातून माझ्याकडं बघितलं. त्या वक्ताला मी खूश व्हतो.

मारुती आला. कुणी न्हाई. मालक म्हणले, "ऐका बरं. येतंय का काय ऐकू? काडीचा आवाज न्हाई." दोघांनी माना हलवल्या. शाळेचा चढ गाडी पाण्यावरून गेल्यावाणी चढली. "ताकद बघा," मालक म्हणले. तिथं बी कुणी न्हाई. गल्लीत वळलो. दारं बंद. आतून भांडी वाजायलेली, कुठं टीव्ही चाललेला, एका दाराआड बांगड्यांचा आवाज. मला ठाऊक व्हतं, आत समद्या तयार बसल्यात. पिशव्या दाराशी टेकवून, भाजीचे भारे बांधून, कोंबड्यांचे पाय बांधून. कान लावून.

चष्मेवाला म्हणला, "गाडी चांगली हाय. पण गिऱ्हाईक?"

"येतंय की," मालक म्हणले आन् मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"आमाला आमच्या डायव्हर लोकांना उत्तर द्यावं लागतं ना," चष्मेवाला म्हणला. "बाजाराच्या दिवशी बी गाडी रिकामी पळायली म्हणल्यावर..."

मी म्हणलं, "पुढं भरती, सायेब."

तेवढ्यात मागून तो आला. डिझेलवाला पोरगा. लांबूनच रेस मारायलता. आन् पहिलं दार उघडलं. एक बाई डोक्यावर टोपली घेऊन भायेर आली, आमच्या गाडीकडं पाठ करून त्या आवाजाकडं बघायली. आमी तिच्यापासून हाताच्या अंतरावर, आन् ती दुसऱ्याच्या गाडीची वाट बघायली.

दादानं गाडी थांबवली. आरशात माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. नुसतं इचारल्यावाणी. मी खाली बघितलं आन् पेटीवरचं स्टिकर वाचायला लागलो. मीच चिकटवलेलं स्टिकर.

आन् मंग आवाज आला.

कुठून आला हे मला आधी कळलंच न्हाई. टर्र, टर्र, मंग खोकला. मंग परत टड, टड, टड. दादा. हँडल दोन्ही हातानं घट्ट धरलेलं, मान ताठ, नजर समोर, आन् तोंडानं टमटम काढायलते. ज्या माणसानं स्टँडवर कुणाला "या बसा" म्हणलं न्हाई, तो माणूस. आवाज बिलकुल जमत न्हवता. कोंबड्या हाकलल्यावाणी व्हायलतं. मधीच दम संपला, तोंड उघडून हवा घेतली, परत सुरू. गिअरच्या जागी उचकी द्यायची म्हणून नुसतंच 'हप्' केलं. थुंकी उडाली ती बाहीनं पुसली. मानेवरून घामाचा एक ओघळ शर्टात गेला.

फोनवाल्यानं फोन वर धरला. हसायलता, म्हणून फोन हलायलता. चष्मेवाल्यानं इचारलं, "ह्यांना काय झालं?" मालक माझ्याकडं वाकले आन् दात खाऊन म्हणले, "काय हाय रं हे?"

मी म्हणलं, "हॉर्न बिघडलाय, सायेब."

दादाला ऐकू गेलं. बिनआवाजाच्या गाडीत समदंच ऐकू जातं. जरासे ते थांबले, आन् परत सुरू झाले.

टोपलीवाली बाई वळली. आधी तिचं तोंड हसायला उघडलं. मंग तिनं दादाला नीट बघितलं आन् हसू तसंच ऱ्हाऊन गेलं. समोरच्या दारातून एक म्हातारी काठी टेकत आली, "काय झालं रं लेकरा? घशात काय अडकलं का?"

"अडकलं न्हाई मावशी, गाडी आलीय," टोपलीवाली म्हणाली. आन् गल्लीकडं तोंड करून अशी वरडली की मालक दचकले, "ए बायांनो, चला गं बिगी बिगी! भाऊ सोता आवाज द्यायलेत. आता तरी या की!"

दारं उघडली. बाया आल्या, भारे आले, कोंबड्या आल्या. मालक आन् नांदेडवाले सरकून सरकून एका कोपऱ्यात गेले. कुणी कुणी तोंडाला पदर लावला, पण मोठ्यानं कुणी हसलं न्हाई. माझ्या टायमाला ह्याच बाया पोट धरून हसायच्या. दादाच्या टायमाला गप बसल्या, पिशव्या मांडीवर घेऊन, देवळात बसल्यावाणी. मला वाटलं हसा गं, कुणीतरी हसा. डिझेलवाला आमच्या मागं येऊन थांबला. दोनदा रेस मारली. कुणी वळून बघितलं न्हाई तसा बाजूनं गाडी काढून रिकामाच निघून गेला.

गावाच्या शेवटाला मेंढरं राखणाऱ्यांची घरं हायत. तिथली माणसं बी बाजाराला असतेत. गाडी तिकडं वळली तसा मी पुढं वाकलो. आता मी करतो, मालक बघू दे न्हाईतर अख्खं नांदेड बघू दे. ओंजळ तोंडापुढं धरली. खाकरणं काढलं बी.

दादानं एक हात मागं केला, तळवा माझ्याकडं. "ऱ्हाऊ दे."

"दादा, मी..."

"ऱ्हाऊ दे म्हणलं ना. तुला कामावर जायचंय."

आन् परत टड, टड, टड, हप्.

नांदेडवाल्यांनी पेटी पसंत केली. ताडकळसला उतरताना चष्मेवाला मालकाला म्हणला, "बॅटरी एक नंबर. फकत आवाजाचं कायतरी करा. खेड्यात गाडी कळली पायजे लोकांना." मालकाला बी ते पटलं. पुढं एक दिवस मला म्हणले, "बारकं यंत्र बसवू. गाडीच्या चालीबरोबर आवाज कमीजास्त व्हईल, भंगारवाल्याचा भोंगा न्हाई. आवाज तूच भर. पहिलं यंत्र तुझ्या वडलांच्या गाडीला."

बाजाराच्या दिवसापासून दादा रोज सोताच आवाज काढायलते, मला काढू देत न्हवते. मी उड्या मारतच घरी आलो. दादा अंगणात चार्जिंगची वायर गुंडाळायलते. मी एका दमात समदं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"नको," म्हणले.

"कामून? रोज घसा फोडून घेता. जमत बी न्हाई तुमाला."

"न्हाई जमत." वायर गुंडाळत ऱ्हायले. "लोक यायलेत की पण."

"यंत्र चांगलं हाय, दादा. मी सोता आवाज भरणार हाय."

"आन् यंत्र बिघडलं म्हणजे लोकाला काय सांगू?"

एवढंच म्हणले. मी मालकाला सांगितलेल्या बिघडलेल्या हॉर्नचं नाव काढलं न्हाई. वायर खुंटीला अडकवली आन् हातपाय धुवायला गेले.

नांदेडवाल्यानं काढलेला व्हिडिओ फिरत फिरत शेडमधी बी आला. पोरं जेवणाच्या सुट्टीत लावतेत आन् हसतेत. गाडीतला माणूस कोण, त्यांना ठाऊक न्हाई. एकजण मला म्हणला, "ह्या बाबाचा आवाज काढ की रं, तुला तर समद्यांचे जमतेत." मी म्हणलं, "हा न्हाई जमत." डबा झाकला आन् नळावर जाऊन उगंच हात धूत बसलो.

दादाची लाइन दादाकडं हाय. बाया रोज येतेत, मेंढरंवाले येतेत, गाडी नंबरात लागती. मी आता दांडीला लटकत न्हाई. आत बसतो, पिशव्यांमधी, दुसऱ्या गिऱ्हाइकावाणी. दादा मारुतीपाशी सुरू करतेत. थोडं सुधारलंय, पण लय न्हाई. मी पायाकडं बघत बसतो. समोरची पोरगी आता ओढणी तोंडात कोंबत न्हाई. ती बी खालीच बघती.

काल ती काठीवाली म्हातारी माझ्याशेजारी बसली व्हती. दादाचं पुढं चाललेलं, टड, टड, टड. म्हातारीनं मला कोपर मारलं.

"तू कामून गप रं?"

"दादा करायलेत की, आजी."

"त्यो करायलाय म्हणूनच तुला इचारायले," म्हातारी म्हणाली, आन् तोंड फिरवून भायेर बघायली.